पाळलेला कुत्रा आपल्यावरच गुरगुरतो तेव्हा काय करावं?

कुत्रा अनोळखी माणसावर भुंकला तर त्याचं कौतुक होतं. तोच कुत्रा आपण ताटलीजवळ गेल्यावर गुरगुरला, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "एक ठेवून द्या, लाडावून डोक्यावर बसलाय." दुसरा म्हणतो, "राहू दे ना, नका जाऊ त्याच्या जवळ." पहिला सल्ला धोक्याचा आहे. दुसरा अर्धा बरोबर आहे, पण नुसतं लांब राहून कुत्र्याच्या मनातली भीती जात नाही.

इथे आपण मोठ्या कुत्र्याबद्दल बोलतोय. एरवी माणसाळलेला, पण खाताना, सोफ्यावर बसलेला असताना किंवा तोंडात काही सापडलेलं असताना घरच्यांवर उलटणारा. चार महिन्यांचं पिल्लू दात शिवशिवतात म्हणून बोटं चावतं, तो प्रकार वेगळा.

दात लागला असेल तर आधी हे

जखम साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. "आपलाच कुत्रा आहे, त्याला इंजेक्शनं दिलीत" हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण रेबीजची लस घ्यायची की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोडा. कुत्र्याला दहा दिवस घरातच नजरेखाली ठेवा. रागाच्या भरात त्याला कुठे तरी नेऊन सोडलं, तर तो पुढे आजारी पडला का हे कळायचा मार्गच बंद होतो. कुत्र्याचं वागणं एकाएकी बदललं असेल, लाळ गळत असेल, गिळायला त्रास होत असेल, तर शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. त्याला एका खोलीत बंद करा आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.

पायरी १: दुखतंय का ते बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. कान पिकलेला, दाढ किडलेली, कंबर किंवा गुडघा धरलेला कुत्रा बोलून दाखवत नाही. तो हात लावणाऱ्यावर गुरगुरतो. वागणुकीच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी साधारण एक तृतीयांश जनावरांना कुठे ना कुठे दुखत असतं, असा सावध अंदाज ब्रिटनमधले पशुवैद्यक डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला. म्हातारा कुत्रा झोपेतून उठवल्यावर अंगावर येत असेल, तर त्याला कमी ऐकू किंवा दिसू लागलं असेल का, हेही विचारा. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडांमुळे येणारा तापही असतो, तोही तपासून घ्या.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याला विषारी ठरतात.

पायरी २: गुरगुरला म्हणून मारू नका

गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद पाडणं म्हणजे गॅसचा वास येतोय म्हणून नाक दाबून धरणं. कुत्र्याची भीती तशीच राहते, सूचना तेवढी जाते. मग लोक म्हणतात, "काहीही न करता अचानक चावला."

पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी ४३ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं आणि उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांत ३१. नुसतं डोळ्यात डोळे घालून धाक दाखवणाऱ्यांतही ३० टक्के.

"कळपाचा म्होरक्या कोण हे त्याला दाखवून द्या" ही कल्पना मुळात पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचं वर्णन १९४७ मध्ये छापलं. पुढे डेव्हिड मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तुमचा कुत्रा ताटली राखतोय. त्याला घराची सत्ता नकोय.

पायरी ३: गुरगुरण्याच्या आधीचं वाचा

गुरगुर येईपर्यंत कुत्र्याने बरंच काही सांगून झालेलं असतं. झोप नसताना जांभई, नाक चाटणं, तोंड फिरवून घेणं, कान मागे, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसणं. ताटलीपाशी सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे थबकणं: खाता खाता मान खालीच राहते, जबडा थांबतो, अंग ताठ होतं आणि डोळे तेवढे तुमच्याकडे वळतात. किंवा उलट, तो एकदम अधाशासारखा भराभर खायला लागतो. हे दिसलं की जागीच थांबा आणि मागे या.

आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: कुठे, कोण जवळ होतं, तोंडात किंवा पुढ्यात काय होतं, किती अंतरावर तो ताठ झाला. "तो कधीही चिडतो" असं वाटणाऱ्या घरातही दोन-तीनच ठरावीक प्रसंग निघतात.

पायरी ४: भांडणाच्या जागा बंद करा

शिकवायला वेळ लागतो, तोवर नवा प्रसंग घडू द्यायचा नाही. जेवण वेगळ्या खोलीत, दार लोटून. मोजे, चपला, कचऱ्याचा डबा त्याच्या आवाक्याबाहेर. सोफ्यावर भांडण होत असेल तर हॉलचं दार बंद किंवा सोफ्यावर खुर्च्या उलट्या. पाहुणे हसतील, हसू द्या.

लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र एकटं सोडायचं नाही. पुढचे कोणतेही सराव मुलांनी करायचे नाहीत, आणि आजी-आजोबांना जमिनीवर वाकायला लावणारेही नकोत.

पायरी ५: माणूस जवळ आला की फायदा होतो, हे पटवा

"पिल्लू असल्यापासून जेवताना ताटलीत हात घाला म्हणजे सवय होते" असं बरेच जण सांगतात. आपण पोळीचा घास मोडला की कोणी ताट ओढून घेतलं तर आपल्याला काय सवय होईल, याचा विचार करावा. सवय उलटी लावायची असते.

उकडलेल्या चिकनचे पेराएवढे तुकडे करा. मीठ नाही, कांदा-लसूण अजिबात नाही. चिकन घरात येत नसेल तर पनीर. ताटलीत त्याचं रोजचंच जेवण द्या आणि तो ढिल्या अंगाने खात राहील इतक्या अंतरावर उभे राहा. काहींना दोन पावलं पुरतात, काहींना खोलीचं दुसरं टोक लागतं. तिथून एक तुकडा ताटलीकडे फेका आणि पाठ फिरवून चालू लागा. हे निघून जाणं महत्त्वाचं. असं एका जेवणात चार-पाच वेळा, बस.

काही दिवसांनी तुम्ही दिसलात की तो मान वर करून तुमच्या हाताकडे बघेल, शेपूट सैल हलेल. मग अंतर एका पावलाने कमी करा. पुन्हा थबकला तर पाऊल मागे घ्या. त्याला ओरडू नका. घाई केली की आठवड्याची कमाई एका जेवणात जाते. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने सुरुवात पुन्हा लांबूनच करायची, कारण आईबद्दल पटलेलं कुत्रा बाबांना आपोआप लावत नाही.

तोंडातल्या वस्तूसाठी अदलाबदल शिकवा. सुरुवात त्याला फारसं प्रेम नसलेल्या खेळण्याने करा. "सोड" म्हणा आणि चार-पाच तुकडे खेळण्यापासून लांब जमिनीवर पसरा. तो ते वेचत असताना खेळणं उचलू नका. पहिले काही दिवस ते तिथेच राहू द्या. नंतर उचला आणि परत द्या. आपलं परत मिळतं हे कळलं की राखण्याची गरज कमी होते. मोजा पळवला म्हणून त्याच्या मागे टेबलाभोवती धावलात, तर त्याला नवा खेळ मिळतो आणि मोज्याचा भाव वाढतो. तोंडात गोळ्यांची पट्टी असेल, तर सरावाची वेळ नव्हे: दाराची बेल वाजवा, फिरायचा पट्टा खुळखुळवा, मूठभर चिकन दुसऱ्या खोलीत टाका आणि तो गेला की दार लावा.

सोफ्यावरून गळपट्टा धरून ओढायचं नाही. "खाली" म्हणून तुकडा जमिनीवर टाका. तो उतरला की आणखी एक.

कधी एकट्याने करू नये

चाव्यात दात खोल रुतला असेल, सूचना न देता चावत असेल किंवा घरात रांगतं मूल असेल, तर वागणुकीचं काम करणारा पशुवैद्यक शोधा. काही कुत्र्यांना शिकवण्याच्या जोडीला औषध लागतं. फ्लुऑक्सेटिनसारख्या, भीती-चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि त्या अर्ध्यात बंद करायच्या नसतात. जाळीचं मझल (चावू नये म्हणून तोंडावर घालायचा पिंजरा) घेताना आत जीभ बाहेर काढून धापा टाकता येतील एवढी जागा बघा. तोंड आवळणारी कापडी पट्टी उन्हात घातक ठरते.

घरी येणारे "ट्रेनर" पुष्कळ आहेत आणि फीसुद्धा घसघशीत असते. पैसे ठरवण्याआधी एकच विचारा: कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता? उत्तरात साखळीचा झटका, काठी किंवा शॉकचा पट्टा आला, तर चहा पाजून निरोप द्यावा.