जानेवारीचा हप्ता डिसेंबरातच भरावा का?

कॅलिफोर्नियाच्या एस्टिमेटेड टॅक्सचा (ज्या कमाईतून कर कापला जात नाही, तिच्यावर आपणच हप्त्यांनी आगाऊ भरायच्या कराचा) शेवटचा हप्ता १५ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. तो त्या दिवशी भरला काय किंवा ३१ डिसेंबरच्या आत भरला काय, कॅलिफोर्नियाला फरक पडत नाही; हप्ता सरत्या वर्षाच्याच खात्यात जमा होतो. फेडरल (केंद्र सरकारच्या) रिटर्नचा हिशेब वेगळा आहे. तिथे राज्याचा कर ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला, त्याच वर्षी त्याची वजावट मिळते. म्हणजे दोन आठवडे आधी भरलेला हप्ता वजावट अख्खं एक वर्ष अलीकडे आणतो.

आम्ही सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात, फ्रीमाँटला राहतो. नवऱ्याची पगाराची नोकरी आहे आणि मी घरून डिझाइनचं काम घेते. माझ्या बिलांतून कुणी कर कापत नाही, म्हणून हे हप्ते आमच्याकडे मीच सांभाळते. २०१८ ते २०२४ या वर्षांत या प्रश्नाला आमच्यासारख्यांच्या घरी काही अर्थच उरला नव्हता. राज्याचा कर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० डॉलरच्या वर वजावट नव्हती, आणि बे एरियात ती मर्यादा बऱ्याच घरमालकांची एकट्या प्रॉपर्टी टॅक्समध्येच संपायची. जुलै २०२५ च्या कायद्याने ती २०२५ साठी ४०,००० आणि २०२६ साठी ४०,४०० केली. पुढे दरवर्षी एक टक्का वाढेल आणि २०३० ला पुन्हा १०,००० वर येईल. म्हणून ही चार-पाच वर्षं तारखांकडे लक्ष द्या, असं मी मंडळातल्या प्रत्येक मैत्रिणीला सांगते.

आधी बेरीज करा, मग तारीख ठरवा. दिवाळीची पाहुणेमंडळी गेली की मी दोघांची कागदपत्रं काढून बसते. आमच्यासारख्या एका जोडप्याचे २०२६ चे आकडे घेऊ. पगारातून वर्षअखेरीपर्यंत कापला जाणारा राज्याचा कर, एसडीआय (राज्याच्या अपंगत्व विम्याची कपात) धरून, १७,५००. जानेवारी २०२६ मध्ये भरलेला २०२५ चा शेवटचा हप्ता २,०००. हा हमखास विसरला जातो, पण तो २०२६ मध्येच भरला, म्हणून २०२६ च्याच वजावटीत येतो. २०२६ चे एप्रिल आणि जूनचे हप्ते २,१०० आणि २,८००. (कॅलिफोर्नियात हप्ते ३०, ४०, शून्य आणि ३० टक्के असे असतात, सप्टेंबरात काही भरायचं नसतं.) प्रॉपर्टी टॅक्सचे दोन हप्ते मिळून ११,६००. एकूण ३६,०००.

राहिलेला २,१०० चा हप्ता डिसेंबरात भरला तर बेरीज ३८,१०० होते, मर्यादेच्या आत. घराच्या कर्जाचं व्याज वेगळं आहेच, त्यामुळे हे जोडपं ३२,२०० च्या स्टँडर्ड डिडक्शनच्या (एकेक वजावट न दाखवता मिळणाऱ्या ठरावीक वजावटीच्या) पुष्कळ पुढे आहे. त्यांचा फेडरल दर २४ टक्के असेल तर ५०४ डॉलर या रिटर्नमध्येच वाचतात. जानेवारीत भरला तर तीच वजावट २०२७ च्या रिटर्नमध्ये, म्हणजे २०२८ च्या वसंतात हाती येईल.

मर्यादेला अजून २,३०० बाकी आहेत, मग एप्रिलचा ५,८०० चा प्रॉपर्टी टॅक्सही उरकून टाकावा का? काउंटीने बिल आधीच पाठवलेलं असतं, तेव्हा डिसेंबरात भरलेला हप्ता चालतो. पण त्यातले ३,५०० मर्यादेबाहेर जाऊन कायमचे वाया जातील. मी तो एप्रिललाच ठेवीन. आणि पुण्यातल्या फ्लॅटचा महापालिकेचा कर या बेरजेत धरू नका. परदेशातल्या राहत्या घराचा मालमत्ता कर इथे चालत नाही.

जानेवारीपर्यंत थांबणं शहाणपणाचं ठरतं अशा जागाही आहेत. भाड्याच्या घरात राहणारं जोडपं असाल, राज्याचा कर १४,००० आणि देणग्या ३,००० असतील, तर तुम्ही स्टँडर्ड डिडक्शनच घेणार. पैसे १५ जानेवारीपर्यंत स्वतःच्या खात्यात राहू द्या. बेरीज आधीच ४०,४०० च्या वर गेली असेल तरी तेच. उत्पन्न मोठं असेल तर मर्यादाच आक्रसते: २०२६ मध्ये ५,०५,००० डॉलरच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट कमी होतात, पण मर्यादा १०,००० च्या खाली जात नाही. ५,६५,००० उत्पन्नाला १८,००० कापले जाऊन २२,४०० उरतात. कंपनीचे शेअर्स एकाच वर्षी भरपूर हातात आले असतील तर आधी हे पाहा. आयएसओ (कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावात घेण्याचे हक्क) वापरले असतील तर एएमटीचा (किमान कराच्या समांतर हिशेबाचा) फॉर्म ६२५१ सुद्धा भरून पाहा, कारण एएमटीच्या हिशेबात राज्याच्या कराची वजावट नसतेच.

वजावट फुगवण्यासाठी देय असेल त्याहून जास्त भरू नका. राज्याचा तेवढा कर खरोखर लागेल असं मानायला आधार नसेल, तर आयआरएस, म्हणजे फेडरल करखातं, ती वजावट मान्य करत नाही. त्यांचं रेव्हेन्यू रुलिंग (लेखी निर्णय) ८२-२०८ याच मुद्द्यावर आहे. शिवाय जादा पैसे परत येतात तेव्हा १०९९-जी हा परताव्याची नोंद असलेला फॉर्म येतो, आणि वजावटीचा जेवढा फायदा झाला होता तेवढा परतावा उत्पन्नात धरावा लागतो.

भरताना फ्रँचाइज टॅक्स बोर्डाच्या (कॅलिफोर्नियाच्या करखात्याच्या) वेब पे या ऑनलाइन सोयीवर एस्टिमेटेड टॅक्स, फॉर्म ५४०-ईएस निवडा. वर्ष २०२६ च निवडा. डिसेंबरअखेर घाईत २०२७ वर बोट जातं आणि मग पत्रव्यवहार वाढतो. पैसे खात्यातून जाण्याची तारीख ३१ डिसेंबरला चिकटून ठेवू नका. मी वीस-बावीस तारीख धरते आणि पुष्टीचं पान जपून ठेवते. फेडरलचा हप्ताही १५ जानेवारीलाच असतो, पण त्याची वजावटच नसते, म्हणून त्याची घाई नको.

सॉफ्टवेअरमध्ये किंवा सीपीएला (रिटर्न भरून देणाऱ्या हिशेबनिसाला) नुसती रक्कम देऊ नका, प्रत्येक हप्त्यापुढे तारीख आणि तो कोणत्या वर्षाचा आहे ते लिहा. जानेवारी २०२६ चे ते २,००० फेडरलच्या शेड्युल ए या वजावटींच्या फॉर्मवर २०२६ मध्ये येतात. कॅलिफोर्नियाच्या रिटर्नवर ते २०२५ मध्ये मोजून झालेले असतात, २०२६ च्या भरण्यात ते पुन्हा दाखवायचे नाहीत. माझ्यासारखा स्वतःचा धंदा असेल तरीही हा कर शेड्युल सी या धंद्याच्या फॉर्मवर खर्च म्हणून टाकता येत नाही, जागा शेड्युल एचीच. आणि एकदा डिसेंबरला भरायला लागलात की पुढच्या जानेवारीत हप्ता नसतो, त्यामुळे जादा हप्त्याचा फायदा फक्त पहिल्या वर्षी दिसतो. तो पुन्हा कधी हवा असेल, तर मधलं एखादं वर्ष शेवटचा हप्ता मुद्दाम जानेवारीत न्यावा लागतो.