आयएसडीएन शिकायचंय? इंटरफेस आणि चॅनेलचा घोळ आधी सोडवा

जुन्या यंत्रणा सांभाळायचं काम हाती आलं की कधीतरी आयएसडीएनशी, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून डिजिटल कॉल करायच्या पद्धतीशी, गाठ पडते. त्याच्या बेसिक रेट या छोट्या जोडणीत माहिती वाहणारे, सेकंदाला ६४ किलोबिटचे दोन बी चॅनेल आणि कॉल जोडण्या-तोडण्यासाठी १६ किलोबिटचा एक डी चॅनेल असतो. हे वाचलं की साहजिकच वाटतं, दोन चॅनेल म्हणजे दोन इंटरफेस (संगणकाला नेटवर्ककडे जायला दिसणारी दारं). तसं नसतं.

साध्या मोडेममध्ये फोन लागला, पीपीपीची (दोन टोकांत जोडणी ठरवणाऱ्या प्रोटोकॉलची) बोलणी झाली, की मग पीपीपी० हा इंटरफेस दिसू लागतो. लिनक्सच्या आयएसडीएन-फॉर-लिनक्स या जुन्या आयएसडीएन यंत्रणेत क्रम उलटा आहे. आयपीपीपी० हा इंटरफेस आपण आयएसडीएनसीटीआरएल या कमांडने आधीच तयार करून ठेवतो. त्याला आयपी पत्ता देतो, डीफॉल्ट रूट (बाहेरच्या पॅकेटांचा नेहमीचा रस्ता) त्याच्याकडे वळवतो, आणि आयएफकॉन्फिग ही इंटरफेसची स्थिती दाखवणारी कमांड तो ‘अप’ असल्याचं सांगते. कॉल मात्र लागलेलाच नसतो! डायलमोड (कॉल कधी लावायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘ऑटो’ असेल, तर पहिलं पॅकेट बाहेर पडायला निघाल्यावर कर्नल मोकळा बी चॅनेल शोधतो, डी चॅनेलवरून कॉलची बोलणी होतात आणि मग तो चॅनेल इंटरफेसला मिळतो. काही वेळ काहीच ये-जा झाली नाही आणि हँगअप टाइमआउट संपला, की चॅनेल पुन्हा सुटतो. म्हणून ऑफिस, घर, बॅकअप अशा तीन ठिकाणांसाठी तीन इंटरफेस बनवले तरी चालतं. एका वेळी दोनच बोलू शकतील, इतकंच.

दोन्ही चॅनेल एकाच जोडणीला हवे असतील तर मुख्य इंटरफेसला स्लेव्ह, म्हणजे दुय्यम इंटरफेस, जोडून मल्टिलिंक पीपीपी (अनेक चॅनेल एकत्र वापरणारं पीपीपी) वापरतात.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांत आयफोरबी ही आयएसडीएन यंत्रणा होती; तिच्यातही विचार हाच, फक्त कारभार आयएसडीएनडी या डीमनकडे (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे). त्याच्या कॉन्फिगमध्ये चॅनेलच्या जागी उणे एक लिहिलं की अर्थ व्हायचा ‘मोकळा असेल तो घे’.

त्यामुळे रात्री-अपरात्री आपोआप कॉल लागत असेल, तर माझ्या मते लाइनवर संशय घेण्याआधी टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावावं. बहुतेकदा एखादा प्रोग्रॅम डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारत बसलेला असतो, आणि त्या पॅकेटमुळे कॉल लागतो. आणि चॅनेल खरंच व्यापलेत का, ते आयएफकॉन्फिगला विचारू नका. त्यासाठी चॅनेलची स्थिती दाखवणारा आयमॉन हा प्रोग्रॅम आहे.

सरावासाठी कार्ड हवंच असं नाही. आयएसडीएनलूप हा ड्रायव्हर कार्डाची नक्कल करतो. २०१९ च्या ५.३ कर्नलपासून आयएसडीएन-फॉर-लिनक्स काढून टाकलंय, तेव्हा व्हर्च्युअल मशीनवर त्याआधीचा कर्नल टाका.