गंजलेली पन्हळ बुजवताना या चुका टाळा

खारीगावातल्या आमच्या जुन्या घराच्या पन्हळीला मी मे महिन्यात पुट्टी भरली, वर छान रंग दिला. ऑगस्टमध्ये शिडी लावून पाहिलं तर पुट्टीचा अख्खा तुकडा खपलीसारखा हातात आला. उलटा करून बघितला, तर मागे नारिंगी गंज जसाच्या तसा. पुट्टीने पत्र्याला धरलंच नव्हतं, गंजाला धरलं होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती सगळेच करतात. पन्हळ बाहेरून गंजलेली दिसते, पण सडते आतून, जिथे पाला आणि चिखल ओला राहतो. आधी तो काढा, पन्हळ पूर्ण वाळू द्या. मग तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. आरपार गेलं तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. रुपयाच्या नाण्याहून मोठं भोक नुसत्या पुट्टीने बुजत नाही. आतून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं ठिगळ लावा, चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त.

भिंतीची पुट्टी तर अजिबात नको. ती बहुतेक सिमेंटची असते. पत्रा उन्हात फुगतो, पावसात आक्रसतो, तशी ती तडकते. लहान भोकांना दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पुट्टी घ्या. गाड्यांची पुट्टी वापरलीत तर उघडी ठेवू नका, ती ओल शोषते. वाळल्यावर घासून लगेच प्रायमर द्या. मेच्या उकाड्यात ती काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून थोडी-थोडीच कालवा.

जिथे जस्ताचा मुलामा शाबूत आहे तिथे थेट ऑइल पेंट लावू नका. जस्त आणि तेलाची रिअ‍ॅक्शन होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सोलून निघतो. आधी जीआयसाठीचा प्रायमर हवाच. आत पूर्वी डांबरी रंग दिलेला असेल तर त्यावर ऑइल पेंट नको, तपकिरी डाग वर येतात. डांबरीवर डांबरीच द्या.

रंगकाम सकाळी, दव सुकल्यावर आणि पत्रा तापायच्या आत. भर दुपारी लावलेल्या रंगाला फोड येतात. शेजारी सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय ठेवू नका, तो पिचतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, म्हणून घासूही नका.

आणि उतार! काम सुरू करण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहा. डबकं साचलं तर पन्हळ धरून ठेवणारे क्लॅम्प हलवून दहा फुटांमागे पाव ते अर्धा इंच उतार द्या. नाहीतर त्याच जागी पुन्हा गंज धरेल.

एवढं करूनही पहिल्या पावसात गळलं, तर थेंब पडतो तिथेच पुट्टी थापू नका. पाणी पन्हळीच्या पोटाखालून सरकत येतं. वरच्या बाजूचा सांधा आधी तपासा.