ग्रंथालयाचे संकेतस्थळ: आराखडा आधी कागदावर

सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ उभारताना रंग आणि छायाचित्रे निवडण्याआधी वाचक तिथे कोणत्या कामांसाठी येतात, हे लिहून काढावे. वर्गणी किती, हवे ते पुस्तक उपलब्ध आहे का, मुदत कशी वाढवायची, आज ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे आहे, अशी ३०-४० कामे स्वतंत्र चिठ्ठ्यांवर लिहून त्यांचे गट वाचकांकडूनच पाडून घ्यावेत. गटांना नावेही त्यांनाच सुचवू द्यावीत, कारण कर्मचारी ज्याला ‘देवघेव विभाग’ म्हणतात, ते पान वाचक बहुधा ‘पुस्तक बदलणे’ या नावाने शोधतात.

या गटांवरून मुख्य मेनू ठरला, की प्रत्येक पान पेन्सिलीने साध्या कागदावर रेखाटावे. वाचकाला ‘तुम्हाला मुलीचे नाव बालविभागात नोंदवायचे आहे’ असे एकच काम सांगावे आणि तो जिथे बोट ठेवेल, तिथून उघडणाऱ्या पानाचा कागद त्याच्यासमोर ठेवावा. या वेळी आपण गप्प राहणे फार कठीण जाते, पण माझ्या मते सारी चाचणी त्यावरच अवलंबून असते. बोट ‘सेवा’ आणि ‘सभासदत्व’ यांच्यामध्ये घुटमळले, तर मदत न करता ती जागा टिपून घ्यावी.

संकेतस्थळे वापरायला सोपी कशी करावीत, याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली पाच-पाच जणांच्या छोट्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेण्याचा सल्ला दिला. त्यानुसार पाच वाचकांनंतर रेखाटने दुरुस्त करून ती नव्या पाच जणांना दाखवावीत; त्यांत ज्येष्ठ वाचक अवश्य असावेत.