इंदूरला घर बांधताय? छपराचं आधी बघा

महाराष्ट्रातून इथे येऊन बंगला बांधणारी आपली मंडळी छपराचा विचार करतात तो फक्त पावसाच्या हिशोबाने. माळव्यातलं छप्पर खरं सोसतं ते फेब्रुवारी-मार्चमधल्या गारा आणि मेमधलं ऊन. सपाट स्लॅब असेल तर शिंगल्सच्या, म्हणजे छपरावर कौलांसारख्या ठोकायच्या पातळ चकत्यांच्या फंदात पडूच नका.

उतरतं छप्पर हवंच असेल तर एसबीएस नावाचं कृत्रिम रबर मिसळलेली डांबरी शिंगल घ्या. साधी शिंगल उन्हाने कडक होते आणि गारेखाली तडकते. रबरवाली लवचिक राहते. लांबलचक वॉरंटी पाहून भुलू नका, त्यात गारा बहुधा धरलेल्याच नसतात. गठ्ठ्याच्या वेष्टनावर ‘यूएल २२१८ क्लास ४’ छापलंय का ते बघा; गारांचा मारा सोसण्याच्या अमेरिकी चाचणीतला हा सगळ्यात वरचा वर्ग. त्या चाचणीत २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा सोडतात. मागची बाजू तडकली की शिंगल नापास. वरचे खडीचे बारीक दाणे उडाले तर ते मात्र मोजत नाहीत.

गोम पुढेच आहे. ही चाचणी पक्क्या प्लायवर होते. इथला ठेकेदार “हो जाएगा भिया” म्हणत जुन्या पत्र्याच्या चद्दरवर किंवा जुन्याच शिंगलवर नवा थर ठोकतो, आणि आपले लोक पैसे वाचले म्हणून खूश! खाली आधार पोकळ असला की क्लास ४ फक्त वेष्टनावर उरतो. जुनं सगळं उतरवा. आयएस ७१० (भारतीय मानक) चा १२ मिमी मरीन प्लाय घाला, सांध्यात ३ मिमी फट सोडा, नाहीतर दमटपणाने फुगून तो सांध्यावर उचलतो. वर अंडरलेमेंट, म्हणजे शिंगलखालचा पाणी अडवणारा थर. घरातल्या फरशीच्या टाइल्स स्वस्तातल्या घ्या हवं तर, प्लाय नको.

खिळे गॅल्व्हनाइज्ड, रुंद डोक्याचे. शिंगलला ४, फार तीव्र उतारावर ६, आणि शिंगलवर आखलेल्या पट्टीतच. डोकं शिंगलमध्ये रुतलं तर तिथूनच ती फाटते. १२ फुटांत ४ फुटांहून कमी चढ असेल तर अंडरलेमेंट दुहेरी. २ फुटांहून कमी असेल तर शिंगल नकोच.

रंग फिका.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा: पाऊस सरलेला असतो आणि शिंगलची चिकटपट्टी धरायला ऊन पुरतं. मेच्या दुपारी बुटाखाली दाणे सुटतात. एक गठ्ठा जास्तीचा ठेवा, पुढे छटा जुळत नाही.

गारपीट झाली की पन्हळीत दाणे साचलेत का बघा, मग माळ्यावर जाऊन प्लायला ओल आहे का तपासा. ओल दिसली तर वरची शिंगल पावसाळ्याआधी बदला.