जुन्या पीसीवर गेम अडखळतो? आधी झाकण उघडा

माझ्या पीसीत इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, म्हणजे 2012 च्या आसपासचा. सोबतीला 2014 साली आलेलं जीटीएक्स 750 टीआय हे ग्राफिक्स कार्ड, दोन जीबी मेमरीचं. एवढ्यावर मी अजून जीटीए फाइव्ह खेळते आणि कुणाकडे तक्रार करत नाही. मध्यंतरी मात्र खेळणं अशक्य झालं होतं. आठवडाभर सेटिंगं खालीवर केली, ड्रायव्हर काढले, परत टाकले, 'गेम बूस्टर' म्हणवणारं एक सॉफ्टवेअरही घेऊन पाहिलं. त्याने वाढवल्या त्या फक्त जाहिराती.

खूण खरं तर पहिल्या दिवसापासून समोर होती. पहिली दहा मिनिटं गेम छान पळायचा, मग बसायचा. सेटिंग झेपत नसेल तर गेम सुरुवातीपासूनच अडखळतो. दहा मिनिटांनी दम लागतो तो तापल्यामुळे. प्रोसेसर फार गरम झाला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, आणि तुम्हाला वाटतं गेम जड आहे.

म्हणून आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा), प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय हे सगळं दिसेल असं लावून ठेवा. माझ्याकडे प्रोसेसरचा आकडा 96 अंशांवर जाऊन ठाण मांडून बसला होता.

मग कॅबिनेट उघडलं. पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि मगच हात घाला. पंखा वरून बरा दिसतो, त्यावर जाऊ नका. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांच्या मधे बघा. माझ्याकडे तिथे धुळीचा चक्क नमदा झाला होता, चिमटीत धरून अख्खा सोलून निघाला. धूळ उडवायला हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

एवढ्यावर भागलं तर उत्तम. माझं भागलं नाही, कारण प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली, मधोमध वाटाण्याएवढा नवा ठिपका ठेवला, हीटसिंक बसवला. पीसी चालू केला तर काही न करता तापमान पहिल्यापेक्षा जास्त! प्रोसेसरसोबत येणाऱ्या कंपनीच्या हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात आणि त्यातली एक नीट बसलीच नव्हती. खुंटी बसली की 'टक्' असा आवाज येतो. चार टक् ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका. तिरक्या समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा, नाहीतर हीटसिंक एका बाजूला कलतो. आणि एकदा उचललात तर पेस्ट पुसून नव्याने लावायची, जुन्यावर तसाच टेकवायचा नाही. त्यानंतर माझा आकडा सत्तरीच्या आत आला आणि गेम तासभर न दमता चालला.

आता सेटिंगांकडे वळा. इथेही आकड्यांकडेच बघायचं. ग्राफिक्स कार्ड 98-99 टक्क्यांवर असेल तर अडतंय ते कार्ड. कार्ड निम्म्यावर रेंगाळतंय, एफपीएसला कुठलंही लॉक (ठरवून घातलेली मर्यादा) नाही आणि तरी गेम अडखळतोय, तर बहुतेक वेळा दोषी प्रोसेसर. खात्री करायची तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस वाढला तर कार्ड, जागचा हलला नाही तर प्रोसेसर.

कार्ड अडत असेल तर सगळं सरसकट 'लो' करू नका, गेम उगाच भेसूर दिसतो. आधी शॅडो (सावल्या) आणि अँटी-अलायझिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणारी सेटिंग) उतरवा, विशेषतः त्यातला एमएसएए हा प्रकार बंदच करा. जीटीए फाइव्हमध्ये शहराबाहेर गेलं की गाडा रुतायचा, तो गवतामुळे. ग्रास क्वालिटी 'नॉर्मल' केली आणि रस्ता मोकळा झाला. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर फारसं खात नाही, तेव्हा मेमरीचा आकडा बघून शक्य तेवढं वर ठेवा. मेमरी भरली की मग झटके बसतात. तरीही जड जात असेल तर रिझोल्यूशन: 1920 × 1080 म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल, 1280 × 720 म्हणजे साधारण सव्वानऊ लाख. निम्म्याहून कमी काम. गेममध्ये रेंडर स्केल किंवा एफएसआर (आतलं दृश्य कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करणाऱ्या सेटिंगं) असेल तर आधी तेच वापरा, म्हणजे मेनूतली अक्षरं तरी धड दिसतात.

प्रोसेसर अडत असेल तर रिझोल्यूशन उतरवून काही हाती लागत नाही. गर्दी, रहदारी, किती लांबचं दिसतं, हे कमी करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मागे कोण कोण बसलंय ते बघा. माझ्याकडे ब्राउझरचे तीस टॅब आणि एक क्लाउड सिंक, दोघं मिळून चारपैकी एक कोर खात होते. विंडोजचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही बंद करा. लॅपटॉपवर चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर वेग आपोआप पडतो.

साठ एफपीएस टिकत नसतील तर तीसवर लॉक करा. पन्नास-बावन्न आकड्यात बरे वाटतात, पण साठ हर्ट्झच्या (सेकंदाला साठदा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर ते डोळ्यांना खुपतात: एखादी फ्रेम दोनदा दिसते, बाकीच्या एकदाच. तीसवर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते, चाल एकसारखी राहते.

काही विकत घ्यायचंच असेल तर कार्ड शेवटी. आठ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर आधी रॅम, आणि एका मोठ्या काडीऐवजी सारख्या दोन घ्या. दोन काड्यांनी मेमरीची वाट रुंद होते. वेगळं कार्ड नसलेल्या, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या पीसीला त्याचा फायदा सगळ्यात जास्त. मग एसएसडी. त्याने एफपीएस फारसा वाढत नाही, पण लोडिंग झटपट होतं आणि नव्या भागात शिरताना बसणारे झटके कमी होतात. नवं कार्ड घेण्याआधी पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि त्याला कार्डासाठीची वायर आहे का, हे बघून घ्या. 750 टीआय मी निवडलं तेच साठ वॅटमध्ये भागतं म्हणून. माझ्याकडच्या कार्डाला वेगळी वायरही लागत नाही.

आणि हो, मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना, मदरबोर्डच्या नाही? हसू नका. साफसफाईनंतर सगळं जोडताना मीच ती चुकीच्या पोर्टमध्ये खुपसली होती.