डॉक्युमेंटेशनमधलं स्पेलिंग सुधारताय? या चुका टाळा

ओपन सोर्समध्ये पहिलं काम म्हणून स्पेलिंगची दुरुस्ती सुचवतात, आणि ते योग्यच आहे. पण बदल एका अक्षराचा म्हणून पुल रिक्वेस्टही (पीआर, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती) किरकोळ, असं काही नसतं. त्या एका अक्षरावर कुठे एखादी लिंक, कुठे वीस भाषांतली भाषांतरं, कुठे दुसऱ्या कुणाचा चालू प्रोग्रॅम लटकलेला असतो. पीआर परत येतो तो बहुतेक वेळा नवं स्पेलिंग चुकलं म्हणून नव्हे, तर हे लटकलेलं कुणी पाहिलंच नाही म्हणून.

जिथे दिसली तिथेच चूक दुरुस्त करणं

वेबसाइटवर तुम्ही वाचता ते पान बहुधा शेवटच्या रिलीजचं असतं. मेन ब्रांचमध्ये, म्हणजे कामाच्या चालू आवृत्तीत, ती चूक कुणीतरी आधीच काढलेली असते. म्हणून आधी रेपो (प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) ताजा करून घ्या आणि चुकीच्या शब्दावर ‘गिट ग्रेप’ ही शोधाची कमांड चालवा. ओळ क्रमांकासाठी ‘एन’ आणि लहान-मोठी अक्षरं सारखी धरण्यासाठी ‘आय’ हे पर्याय सोबत द्या. तोच शब्द आणखी चार फाइलींत सापडतो, तेही लगेच कळतं.

फाइल सापडली की पुढचा प्रश्न: ही माणसाने लिहिलेली आहे की यंत्राने तयार केलेली? ग्नू कोअरयुटिल्समधल्या ‘एलएस’ या कमांडचं मॅन पेज (कमांडची माहिती देणारं पान) घ्या. ते ‘हेल्पटूमॅन’ नावाचं साधन ‘एलएस’च्याच हेल्प मजकुरातून बनवतं, म्हणजे मूळ वाक्य सी भाषेतल्या सोर्स फाइलमध्ये बसलेलं असतं. तयार मॅन पेजमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला, म्हणजे फाइली पुन्हा तयार होताना, पुसली जाते. पायथॉनच्या मूळ रेपोतही ‘अर्ग्युमेंट क्लिनिक’ या साधनाने तयार केलेले तुकडे असतात, बदल करायचा तो वरच्या इनपुट भागात, आणि मग क्लिनिक पुन्हा चालवायचं. फाइलीच्या पहिल्या दहा ओळी वाचा. ‘हाताने बदलू नका’ अशी सूचना बहुधा तिथेच सापडते. ‘व्हेंडर’ किंवा ‘थर्ड पार्टी’ नावाच्या फोल्डरमधलं तर काहीच बदलू नका. तो माल दुसऱ्या प्रकल्पाचा आहे, दुरुस्ती तिकडे पाठवा.

नावालाच चूक समजणं

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यातला ‘रेफरर’ हेडर (संदेशाच्या माथ्यावरची ओळ) हा यातला सगळ्यात प्रसिद्ध सापळा. इंग्रजी शब्दात मधोमध दोन आर हवेत, हेडरच्या नावात एकच आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि तेच प्रमाण होऊन बसलं. पुढे आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या हेडरमध्ये मात्र आर दोन आहेत. म्हणजे एकाच पानावर दोन्ही रूपं येऊ शकतात आणि दोन्ही बरोबर असतात! युनिक्सच्या ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलला शेवटचा ई नाही, तेही असंच.

शब्द कोडच्या टायपात, म्हणजे बॅकटिकच्या (`) खुणांमध्ये असेल, तर तो फंक्शन, पर्याय किंवा फाइलीचं नाव समजून आधी कोडमध्ये शोधा. कोडमध्ये चुकीचंच असेल तर डॉक्युमेंटेशनही त्याच्याशी जुळलं पाहिजे. नाहीतर वाचणारा शुद्ध नाव टाइप करेल आणि त्याला एरर मिळेल. नाव बदलायला हवं असं वाटत असेल तर वेगळा इश्यू (प्रकल्पाकडची नोंद) उघडा. लॉगचे नमुने, जुन्या रिलीज नोट्स, कुणाचे उद्धृत शब्द आणि माणसांची नावं यांनाही हात लावू नका.

कोडस्पेल सरसकट चालवणं

‘कोडस्पेल’ हे स्पेलिंग तपासणारं उत्तम साधन आहे. नेहमीच्या चुकांची यादी त्याच्याकडे असते आणि तेवढ्याच चुका ते पकडतं. घोळ होतो तो ‘डब्ल्यू’ पर्यायाने सगळ्या रेपोवर थेट लिहायला लावल्यावर. चाचणीच्या डेटातली मुद्दाम ठेवलेली चूक, गणिती कोडमधलं दोन-तीन अक्षरांचं व्हेरिएबल, सबंध जर्मन वाक्य, सगळं त्याच्या तावडीत सापडतं. त्याऐवजी ‘आय ३’ पर्याय द्या. मग प्रत्येक बदलाला ते परवानगी मागतं आणि एकाहून जास्त पर्याय असतील तर निवड तुमच्यावर सोडतं. फक्त डॉक्युमेंटेशनचं फोल्डर द्या, बाकीची मोठ्या ‘एस’ने वगळा, आणि खऱ्या शब्दांची यादी मोठ्या ‘एल’ने सांगा. प्रकल्पाची स्वतःची ‘कोडस्पेल आरसी’ फाइल असेल तर तीच पाळा. लिनक्स कर्नलमध्ये तर चुकांची यादी ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘स्पेलिंग’ फाइलीतच आहे आणि ‘चेकपॅच’ ही बदल तपासणारी स्क्रिप्ट ती वापरते.

ब्रिटिश-अमेरिकन भेद ही चूक नव्हे. ‘कलर’मध्ये यू घालणं किंवा काढणं हा त्या प्रकल्पाच्या स्टाइल गाइडचा विषय. कुबरनेटीसचं गाइड अमेरिकन रूपं मागतं. गाइड गप्प असेल तर आहे ते राहू द्या.

बदल एका अक्षराचा, डिफ चारशे ओळींचा

डिफ म्हणजे जुन्या-नव्या मजकुरातला फरक. तो फुगण्याची कारणं तीन. विंडोजवरच्या एडिटरने ओळींची शेवटं बदलली. एडिटरने सेव्ह करताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा छाटल्या. किंवा तुम्ही परिच्छेद ऐंशी अक्षरांत पुन्हा बसवला. दुसरं कारण दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. मार्कडाउन या साध्या खुणांच्या लेखनपद्धतीत ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडण्याची खूण. त्या गेल्या की पत्ता किंवा कविता एका ओळीत गोळा होते.

कमिट करण्याआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, ‘गिट डिफ’ला ‘स्टॅट’ देऊन आकडे बघा. एका शब्दासाठी एक ओळ कमी आणि एक ओळ जास्त, एवढंच दिसायला हवं. मग ‘वर्ड-डिफ’ने शब्द तपासा. जास्तीचं काही घुसलं असेल तर ‘गिट ॲड’च्या ‘पी’ पर्यायाने हवा तेवढाच तुकडा घ्या.

शीर्षकातलं अक्षर

शीर्षकातल्या चुकीवर जरा थांबा. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या दुसऱ्या लेखनपद्धतीत शीर्षकाखाली बरोबरीच्या चिन्हांची ओळ असते आणि ती शीर्षकाएवढी तरी लांब लागते. ‘ऑकरन्स’ हा शब्द एका आरने, नऊ अक्षरांत लिहिलेला आहे आणि खाली नऊ चिन्हं आहेत, असं समजा. तुम्ही दुसरा आर घातलात, अक्षरं दहा झाली, चिन्हं नऊच राहिली. डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं स्फिंक्स अधोरेषा तोकडी असल्याची वॉर्निंग देतं. आणि बिल्ड ‘मोठा डब्ल्यू’ लावून चालत असेल तर वॉर्निंगची एरर होऊन पीआर लाल होतो, म्हणजे तपासणीत नापास होतो. उपाय: एक चिन्ह वाढवा.

मार्कडाउनमध्ये वेगळं दुखणं. गिटहबवर शीर्षकावरूनच अँकर, म्हणजे पानातल्या त्या जागेचा पत्ता, तयार होतो, त्यामुळे शीर्षक सुधारलं की त्या जागेकडे येणाऱ्या जुन्या लिंका पानाच्या माथ्यावरच थांबतात. जुना अँकर रेपोभर शोधा आणि लिंका त्याच कमिटमध्ये बदला. फाइलीचं नाव चुकलेलं असेल तर विचारल्याशिवाय बदलू नका. त्याला रीडायरेक्ट लागतो.

इंग्रजी सुधारलं, मराठी उडालं

याकडे फारच कमी लोकांचं लक्ष जातं. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या प्रणालीत मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्यात एक स्वल्पविराम बदलला तरी ‘एमएसजीमर्ज’ ते भाषांतर ‘फझी’ (संशयास्पद) ठरवतं आणि तयार फाइलीत ते येत नाही. मराठी वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसू लागतं. भाषांतराला माणसं कमी असतील तर ते महिनोन्‌महिने तसंच राहू शकतं. ‘पीओफोरए’मधलं ‘एमएसजीअनटायपॉट’ नेमकं यासाठीच आहे: मुळात फक्त टायपो सुधारला असेल तर पीओ (भाषांतराच्या) फाइलींतली किल्लीही सुधारायची, भाषांतराला धक्का न लावता. ते चालवण्याआधी प्रकल्पाला विचारा. ग्नोमसारख्या प्रकल्पांत रिलीजच्या तोंडावर स्ट्रिंग फ्रीझही असतो, म्हणजे भाषांतर होणारी वाक्यं बदलायची नसतात. त्या काळात असा बदल थांबवून ठेवावा लागतो.

मराठी मजकूरच सुधारत असाल तर डोळ्यांवर विसंबू नका. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवलेला असतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधात एक सापडतं, दुसरं नाही. शून्य रुंदीची अक्षरं काढून टाकणारी स्क्रिप्ट चालवलीत तर दुसऱ्या प्रकारच्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. दऱ्या गेल्या, समुद्र आला. ‘ॲ’चंही तसंच. २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, पण अ आणि ॅ जोडून लिहिलेला ‘अॅप’ अजून सगळीकडे आहे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. पूर्ण फाइलीत एकच रूप ठेवा. ल किंवा श हिंदी वळणाचा दिसतो ही मात्र स्पेलिंगची चूक नव्हे. तो फॉन्टचा आणि पानाच्या भाषा-खुणेचा प्रश्न आहे. ‘फाइल’ की ‘फाईल’ हे भाषांतर गटाची शब्दसूची ठरवते.

पाठवताना

ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टासाठी चार पीआर पुरेसे होते, आणि रीडमीमध्ये एखादं विशेषण चिकटवणाऱ्या पीआरांचा इतका पाऊस पडला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून प्रकल्पांची संमती सक्तीची करावी लागली. तेव्हापासून एका शब्दाच्या पीआरकडे बरेच मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) संशयाने बघतात. म्हणून दर चुकीला एक पीआर पाठवू नका, आणि शंभर फाइलींचा एकही नको. त्याने प्रत्येक विभागाच्या रिव्ह्यूअरला सूचना जाते. एक विभाग, एक पीआर.

कमिट संदेशात नुसतं ‘टायपो काढला’ लिहू नका. कोणता शब्द, कोणत्या पानावर, ते लिहा. कमिट संदेशात साइन-ऑफ (तुमच्या नावाची संमतीची ओळ) मागणाऱ्या प्रकल्पात ती ओळ राहिली तर तपासणी अडते: ‘गिट कमिट’ला ‘अमेंड’ आणि ‘एस’ द्या, मग ‘फोर्स विथ लीज’ने पुश करा. नवा पीआर उघडू नका, जुनाच हिरवा होतो.